परक्या शहरांतील पहिला दिवस : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर

विद्यार्थिमित्रहो, परक्या शहरांत प्रथम पाऊल टाकणाऱ्या मनुष्यास कोणत्या गोष्टी लागतात याचा तुम्हीं कधीं विचार केला आहे काय? प्रवासवर्णनें वाचावीं तों त्यांत उंच मनोरे, रुंद रस्ते, बागा, पुतळे व बाजार यांचींच वर्णनें फार. परंतु गाडींतून अगर बोटींतून उतरलेल्या मनुष्याची पहिली निकड निराळीच असते. सामान ठेवण्यास चार हात जागा, तहान भागविण्यास तांब्याभर पाणी, पोटास चार घांस व रात्रीं पाठ टेकण्यास अंथरूण, एवढें मिळालें म्हणजे मग त्याची दृष्टि मनोऱ्यांकडे वळते. बिऱ्हाड मिळालें कीं परकें शहर निम्में आपलें होतें; आणि दार उघडलें नाहीं तर स्वतःच्या देशांतील गांवही परका होतो.

हें सत्य ज्यांच्या चरित्रांत फार स्पष्ट दिसतें असे एक थोर पुरुष आपल्या साताऱ्याच्याच शाळेंत शिकले. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें नांव न ऐकलेला विद्यार्थी आज सांपडणार नाहीं. त्यांचें संपूर्ण चरित्र सांगण्याचा येथें हेतु नाहीं. ते तीन ठिकाणीं नवखे म्हणून उतरले. त्या तीन आगमनांची हकीकत तेवढी क्रमानें सांगावयाची आहे. पहिलें ठिकाण सातारा जिल्ह्यांतील मसूर, दुसरें अमेरिकेंतील न्यूयॉर्क व तिसरें बडोदें.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजीं महू येथील लष्करी छावणींत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यांत सुभेदाराच्या हुद्द्यास पोंचलेले व शिक्षणाची मोठी आवड असलेले गृहस्थ होते. पेन्शन घेतल्यावर कांहीं काळ दापोलीस राहून हें कुटुंब साताऱ्यास आलें. मातोश्री भीमाबाई मुलें लहान असतांनाच निवर्तल्या, व मुलांचा सांभाळ आत्याकडे आला. 7 नोव्हेंबर 1900 रोजीं भीमरावांचें नांव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत, इंग्रजी पहिल्या इयत्तेंत, दाखल झालें. जुन्या राजवाड्यांत भरणारी ती शाळा पुढें प्रतापसिंह हायस्कूल या नांवानें प्रसिद्ध झाली. व त्या प्रवेशाच्या स्मरणार्थ 7 नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

शाळेच्या पटावर नांव चढलें. वर्गांत मात्र जागा मिळाली ती कोपऱ्यांत. महार जातींत जन्मलेल्या या मुलानें घरून तरटाचा तुकडा आणावा, त्यावर वेगळें बसावें, व सायंकाळीं तो तुकडा पुनः घरीं न्यावा असा क्रम होता. कारण शाळा झाडणारा नोकर त्या तरटास हात लावीत नसे. तहान लागली तरी नळास शिवण्याची मुभा नव्हती. शिपायानें तोटी सोडली तर पाणी, आणि शिपाई जाग्यावर नसला तर तहान तशीच. गांवांतील न्हावी केस कापीत नसत, म्हणून घरांत थोरली बहीण तें काम करी. असें असूनही मुलाच्या मनांत तोंपर्यंत या गोष्टी नित्याच्या म्हणूनच राहिल्या होत्या. त्यांचा खरा अर्थ त्यास कळला तो एका प्रवासांत.

1901 सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीची ही गोष्ट. त्या वेळीं रामजी सुभेदार खटाव तालुक्यांतील गोरेगांव येथें कॅशियर होते. दुष्काळग्रस्तांस काम मिळावें म्हणून सरकारनें तेथें तलावाचें खोदकाम काढलें होतें. सुट्टी वडिलांजवळ घालवावी असें ठरलें. भीमराव, त्यांचे वडील बंधु व दिवंगत बहिणीचे दोन मुलगे अशीं चार मुलें निघालीं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे व रेशीमकांठी धोतरें असा थाट होता. त्यांस मसूर स्टेशनावर उतरावयाचें होतें. सांगली-मिरजेहून पुण्याकडे जातांना कऱ्हाडच्या पुढें हें लहानसें स्टेशन लागतें. तुमच्यांपैकीं पुष्कळांनीं तें गाडीच्या खिडकींतून पाहिलें असेल.

सायंकाळीं पांचच्या सुमारास मुलें उतरलीं. वडिलांस अगोदर पत्र धाडलें होतें, परंतु नोकराच्या हयगयीमुळें तें त्यांच्या हातीं पडलेंच नव्हतें. त्यामुळें न्यावयास कोणी आलें नाहीं. स्टेशनमास्तरांनीं प्रथम आस्थेनें चौकशी केली. चांगला पोषाख पाहून हीं ब्राह्मणांचीं मुलें असावीं असा त्यांचा समज झाला होता. मुलांनीं आपली जात सांगतांच त्यांचा चेहरा पालटला व ते आपल्या खोलींत निघून गेले. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. परंतु दुप्पट भाडें देऊं केलें तरी विटाळाच्या भयानें एकही गाडीवान तयार होईना. अखेर असें ठरलें कीं भाडें दुप्पट द्यावें, गाडी मुलांनींच हांकावी, व गाडीवानानें बाजूनें पायीं चालावें.

शिदोरी बरोबर होती, पण पाणी नव्हतें. आणि पाण्यावांचून घांस गिळेना. वाटेंत जें डबकें लागलें त्यांतील पाणी चिखलानें व शेणमुतानें इतकें नासलें होतें कीं तें ओंठास लावणें शक्य नव्हतें. मध्यरात्रीं टोलनाका आला. तेथें पाणी मिळावें म्हणून लहानग्या भीमरावांनीं आपण मुसलमान आहों असें सांगून पाहिलें. तरी नाकेदारानें पाण्याची सोय केली नाहीं. रात्र तहानेनें व भयानें काढून, दुसऱ्या दिवशीं सकाळीं अकराच्या सुमारास तीं मुलें वडिलांपाशीं पोंचलीं. भीमरावांचें वय त्या वेळीं अवघें दहा वर्षांचें. जिल्हा स्वतःचा, भाषा स्वतःची, आणि नव्या ठिकाणचा पहिला दिवस मात्र असा! आपण अस्पृश्य आहों म्हणजे काय आहों, याचा विचार त्यांच्या मनांत कायमचा रुजला तो या प्रवासापासून, असें त्यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे.

कांहीं वर्षांनीं हें कुटुंब सातारा सोडून मुंबईस आलें. परळच्या चाळींतील एका खोलींत सारा संसार, व त्याच खोलींत रात्रीच्या दिव्यापाशीं अभ्यास. 1907 सालीं भीमराव मॅट्रिक झाले, व 1912 सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांस कॉलेजच्या शिक्षणासाठीं मदत केली होती. ती जाणून 1913 च्या जानेवारींत ते बडोद्याच्या नोकरींत गेले. परंतु थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ झाले व 2 फेब्रुवारी रोजीं निवर्तले. ज्यानें कर्ज काढून पुस्तकें पुरविलीं तो आधार नाहींसा झाला. अशा स्थितींत महाराजांनीं परदेशीं उच्च शिक्षण घेण्यासाठीं शिष्यवृत्ति देऊं केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, व परत आल्यावर संस्थानची दहा वर्षें नोकरी, अशा अटींचा करार 4 जून 1913 रोजीं झाला.

त्याच वर्षाच्या जुलै महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत भीमराव न्यूयॉर्क बंदरांत उतरले. वय बावीस वर्षांचें. त्या काळचें न्यूयॉर्क म्हणजे 47 लाखांहून अधिक वस्तीचें शहर. बंदराच्या तोंडाशीं 1886 सालीं उभारलेला स्वातंत्र्यदेवतेचा प्रचंड पुतळा, किनाऱ्यावर आकाशास भिडणाऱ्या इमारती. त्यांपैकीं वूलवर्थ नांवाची सुमारें 792 फूट उंचीची इमारत त्याच वर्षीं एप्रिलमध्यें उघडली होती, व तेव्हां जगांतील सर्व इमारतींत ती उंच गणली जाई. रस्त्यांच्या पोटांतून 1904 सालापासून विजेची आगगाडी धांवत होती, व तिचें एक स्टेशन कोलंबिया विद्यापीठाच्या दारांतच होतें. विद्यापीठ हडसन नदीजवळच्या उंचवट्यावर, आणि त्याच्या मधोमध घुमटाचें भव्य ग्रंथालय. साताऱ्याच्या राजवाड्यांतून निघालेल्या विद्यार्थ्याचें मन थक्क व्हावें अशी ही सारी सामग्री होती.

परंतु त्यांच्या पहिल्या दिवसांची जी हकीकत चरित्रकारांनीं दिली आहे, ती मनोऱ्यांची नाहीं, बिऱ्हाडाची आहे. पहिला आठवडा त्यांनीं विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहांत काढला. तेथील अन्न त्यांस रुचेना. गोमांसाचे पदार्थ व अर्धेकच्चें शिजविलेलें जेवण त्यांच्या जिभेस मानवलें नाहीं. म्हणून ते पश्चिम 114 व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबांत राहावयास गेले. तेथें कांहीं हिंदी विद्यार्थी राहत असत. शेवटीं लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहांत नवल भथेना नांवाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांचें कायमचें बस्तान बसलें. ही मैत्री जन्मभर टिकली, व पुढें अडचणीच्या वेळीं याच मित्रानें त्यांस पैशाची मदतही केली.

वाचकहो, या साध्या हकीकतीकडे जरा निरखून पाहा. थोड्या काळांत तीन बिऱ्हाडें झालीं. परंतु एकाही ठिकाणाहून त्यांस कोणीं घालविलें नाहीं. जेवण आवडलें नाहीं म्हणून त्यांनीं स्वतः जागा बदलली. परक्या गांवीं जेवणाबद्दल कुरकुर करणें हा तुम्हांआम्हांस अगदीं क्षुल्लक हक्क वाटतो. ज्यास मसूरच्या वाटेवर घोटभर पाणी मिळालें नव्हतें, त्याच्या आयुष्यांत हा हक्क प्रथमच आला होता. मोकळेपणानें नळाखालीं पेला धरावा, मेजाभोंवतीं इतरांच्या पंक्तीस बसावें, वर्गांत वाटेल त्या बांकावर जागा घ्यावी, ग्रंथालयांतील वाटेल तें पुस्तक उघडावें. न्यूयॉर्कमध्यें त्यांनीं पाहिलेलीं खरीं प्रेक्षणीय स्थळें हींच म्हटलीं पाहिजेत.

येथें एक गोष्ट सांगणें न्यायाचें होईल. अमेरिका म्हणजे समतेचें माहेरघर असा कोणीं समज करून घेऊं नये. त्याच देशाच्या दक्षिण भागांत काळ्या लोकांसाठीं आगगाडीचे डबे निराळे, शाळा निराळ्या व पाण्याच्या जागाही निराळ्या होत्या. कोलंबियापासून जवळच असलेल्या हार्लेम भागांत काळ्या लोकांची मोठी वस्ती त्या सुमारास वाढत होती. म्हणजे ज्या शहरानें सातारच्या एका विद्यार्थ्यास दार उघडलें, त्याच देशांत दुसऱ्या कोणास दारें बंद होतीं. दुसऱ्याच्या देशांतील अन्याय आपणांस सहज दिसतो व घरचा दिसत नाहीं, ही मनुष्यमात्राची खोड दोन्ही बाजूंस सारखीच आहे.

मिळालेल्या मोकळीकीचें भीमरावांनीं काय केलें? पोंचल्यावर लवकरच त्यांनीं वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिलें. त्यांत मुलांच्या बरोबरीनें मुलींस शिक्षण दिलें तर समाजाची प्रगति फार वेगानें होईल, असा विचार मांडला. पुढें त्यांचा बहुतेक वेळ ग्रंथालयांत व जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊं लागला. तुटपुंज्या पैशांतून पोटास चिमटा घेऊन त्यांनीं पुस्तकें जमविलीं. 1915 सालीं प्राचीन हिंदुस्थानच्या व्यापारावरील निबंधानें त्यांनीं एम्. ए. ची पदवी मिळविली. 9 मे 1916 रोजीं डॉ. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासमंडळापुढें हिंदुस्थानांतील जातिसंस्थेवर निबंध वाचला. सेलिग्मन, ड्यूई, शॉटवेल व रॉबिन्सन या प्राध्यापकांचा व तेथील सहाध्यायांचा उल्लेख त्यांनीं पुढें जिवलग मित्र म्हणून केला. 1916 सालीं ते लंडनास जाऊन अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास करूं लागले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें तो अर्धवट टाकून 1917 च्या ऑगस्टमध्यें त्यांस स्वदेशीं परतावें लागलें.

आतां तिसरें आगमन. करार पाळण्यासाठीं 1917 च्या सप्टेंबरांत ते बडोद्यास गेले. जगांतील दोन मोठ्या विद्यापीठांत शिकलेला, महाराजांनींच धाडलेला हा तरुण स्टेशनाबाहेर उभा राहिला, आणि त्याच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला तो मसूरचाच होता: जावें कोठें, व घरांत घेईल कोण? चार वर्षांच्या परदेशवासांत आपल्या अस्पृश्यतेची जाणीव मनांतून पार पुसली गेली होती; ती बडोद्याच्या स्टेशनावर एका क्षणांत परत आली. हिंदूंच्या खानावळींत जात सांगितल्यावर प्रवेश नव्हता. अखेर ते एका पारशी धर्मशाळेंत गेले. ती केवळ पारशांसाठीं असल्यामुळें तेथील व्यवस्थापकाच्या संमतीनें पारशी नांव वहींत लिहून त्यांस राहावें लागलें. जेवणखाण धरून दररोज दीड रुपया देण्याचें ठरलें. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानानें भरलेलें दालन, सोबतीस कोणी नाहीं, व रात्रीं एका कंदिलाचा मिणमिणता उजेड. दिवसा कचेरी व रात्रीं हा एकांतवास, असे दहा दिवस गेले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनीं केलेली विनंति कचेरींतल्या कचेरींत फिरत राहिली.

अकराव्या दिवशीं सकाळीं दहाबारा पारशी गृहस्थ हातीं काठ्या घेऊन जिना चढून आले. धर्मशाळा विटाळल्याबद्दल त्यांनीं त्यांस धारेवर धरलें, व सायंकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद दिली. शहरांत दोन मित्र होते. एक हिंदु. त्यांस दुःख झालें, पण हा पाहुणा घरीं आला तर नोकर निघून जातील असें त्यांनीं कळविलें. दुसरे हिंदी ख्रिस्ती. पत्नी दुसऱ्या दिवशीं परगांवाहून येणार आहे, तिला विचारल्यावांचून कांहीं सांगतां येत नाहीं, असें त्यांचें उत्तर आलें. पतिपत्नी दोघेंही मूळचीं ब्राह्मण घराण्यांतलीं. पति मनानें उदार झाले होते, पत्नीच्या मनांत जुनें सोंवळें तसेंच राहिलें होतें. आपल्या शाळेच्या वाचकांनीं हें वाक्य घाईनें ओलांडूं नये. हिंदूंच्या घराचें दार लागलें, पारशांच्या धर्मशाळेचें लागलें, आणि ज्यांच्या प्रार्थनामंदिरांत सर्व माणसें एका पित्याचीं लेंकरें म्हणून सांगितलीं जातात, त्यांचेंही उघडलें नाहीं. धर्म पालटला म्हणजे मन पालटतेंच असें नाहीं. तें काम प्रत्येकानें स्वतंत्रपणें, आपल्या उंबरठ्यावर, करावयाचें असतें.

मुंबईची गाडी रात्रीं नऊ वाजतां होती. तोंपर्यंत दुसरी जागा नसल्यामुळें या पंडितानें बडोद्याच्या कमाटी बागेंत पांच तास काढले. बडोदें पाहावयास जाणारे प्रवासी ती विस्तीर्ण बाग आवर्जून पाहतात. भीमरावांनींही ती पाहिली. परंतु निवारा म्हणून, डोळ्यांत आसवें घेऊन. एकाच मनुष्यास सात समुद्रांपलीकडील शहरांत बिऱ्हाडाची निवड करतां आली, आणि स्वदेशांतील राजधानींत झाडाखालीं बसावें लागलें. तेव्हां यांतलें परकें शहर कोणतें, याचें उत्तर वाचकांनींच द्यावें.

हा अपमान सोसून ते कडवटपणांत बुडून गेले नाहींत. 1918 सालीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक झाले. पैसे सांठवून, व कोल्हापूरचे शाहू महाराज आणि मित्र भथेना यांच्या साहाय्यानें, 1920 सालीं पुनः लंडनास गेले. आणि अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करून डी. एस्सी. व बॅरिस्टर होऊन 1923 सालीं परतले. 20 मार्च 1927 रोजीं त्यांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी आपल्या हजारों बांधवांसह प्राशन केलें. मसूरच्या वाटेवर न मिळालेला घोट तो हाच, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. 29 ऑगस्ट 1947 रोजीं स्वतंत्र भारताच्या घटनेचा मसुदा करणारी समिति नेमली गेली, व तिचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. 26 नोव्हेंबर 1949 रोजीं संविधान स्वीकृत झालें. 1952 सालीं कोलंबिया विद्यापीठानें त्यांस सन्माननीय पदवी अर्पण केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजीं त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, व 6 डिसेंबर 1956 रोजीं दिल्ली येथें त्यांचें देहावसान झालें.

त्या संविधानाचें पंधरावें कलम उघडून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग अगर जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास दुकानें, उपाहारगृहें व हॉटेलें यांत मज्जाव करतां येणार नाहीं. विहिरी, तळीं, स्नानाचे घाट व रस्ते यांच्या उपयोगास बंदी करतां येणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आहे. कायद्याच्या ग्रंथांत हीं नांवें कोरडीं वाटतात. परंतु नवख्या मनुष्याच्या पहिल्या दिवसाच्या गरजांची यादी आठवा: पाणी, अन्न, वाट व निवारा. त्या यादींतील बहुतेक प्रत्येक गोष्ट या कलमांत आली आहे. हें कलम अनेकांच्या विचारानें व संमतीनें झालें. तथापि त्याच्या मसुद्यापाशीं बसलेल्या पुरुषानें त्यांतील प्रत्येक शब्दाची किंमत स्वतः मोजलेली होती.

विद्यार्थ्यांनो, जून महिना आला कीं माण, खटाव, जत, आटपाडी या बाजूचीं मुलें ट्रंक व वळकटी घेऊन साताऱ्यास व सांगलीस शिकावयास येतात. त्यांचा तो पहिला दिवस असतो. कोणी कोपऱ्यांतील खाटेवर बसून घरची आठवण काढीत असतो. कोणाची बोली निराळी, कोणाचे कपडे साधे, म्हणून त्याच्या पंक्तीस बसण्यास कोणी पुढें होत नाहीं. कायद्यानें वसतिगृहाचें दार उघडतां येतें. शेजारी बसून ताट पुढें सरकविण्याचें काम कायद्यास करतां येत नाहीं. तें तुमचें आहे. आणि पालकांसही नम्र विनंति आहे कीं, मुलगा एखादा नवा मित्र घरीं घेऊन आला, तर त्याचें आडनांव विचारण्यापूर्वीं त्यास पाणी विचारावें.